फूट रिफ्लेक्सॉलॉजी: पाय खूश, पण तो नकाशा...

फूट रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे तळव्यावरचा एकेक पॉइंट शरीराच्या एकेका अवयवाचा मानून केलेला मसाज. मसाज एक नंबर होता हे आधीच सांगून टाकते. करणाऱ्या ताईंचा हात एकदम सराईत, अंगठा वाकवत सरळ करत तळव्यावर सुरवंटासारखा पुढे सरकवत नेतात, दाब असा की दुखतं पण पाय ओढून घ्यावासा वाटत नाही, आणि पोटऱ्यांपर्यंत आल्या तेव्हा तर मी जवळजवळ झोपलेच होते.

पण मध्येच टाचेच्या जरा पुढे, आतल्या बाजूला दाबलं आणि मी कळवळले, तर ताई लगेच "पोटाचा त्रास आहे ना?" माझं पोट ठणठणीत आहे हो. तळव्याला आधार देणारा जाड पट्टा नेमका तिथेच टाचेच्या हाडाला चिकटतो, दिवसभर उभं राहणाऱ्या कुणाचंही तिथे दाबलं की दुखणारच!

समोर भिंतीवर तळव्याचा रंगीत चार्ट, अंगठा म्हणजे डोकं, बोटं म्हणजे सायनस, चवडा म्हणजे फुप्फुसं, आतली कड म्हणजे पाठीचा कणा, लिव्हर उजव्या पायात आणि हृदय डाव्यात. वर लिहिलंय 'हजारो वर्षांची विद्या'. पाय दाबणं जुनं असेल, पण हा नकाशा अमेरिकेतला आहे. फिट्झगेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर, त्यांनी शरीराचे उभे १० पट्टे पाडले, १९१७ मध्ये त्यावर पुस्तक आलं, आणि मग १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी अख्खं शरीर तळव्यावर बसवलं. दोन वेगवेगळे चार्ट शेजारी ठेवून बघा, सगळे पॉइंट जुळत नाहीत. आणि तळव्यातून थेट लिव्हरला जाणारी नस वगैरे काही नसते, तळव्याच्या नसा पायातून वर मणक्याकडे जातात बस.

"युरिक ॲसिडचे खडे फोडते" हेही ऐकून घेतलं. अहो, ज्याला खरंच गाऊट होतो, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचून सूज येते, त्याला सुजलेल्या अंगठ्यावर चादर लागलेली सहन होत नाही, तिथे खडे कुठून फोडणार!

आराम मात्र खरा मिळतो. स्नायू सैल पडतात, कुणीतरी तासभर शांतपणे आपल्याकडे लक्ष देतं, त्या रात्री झोपही मस्त लागली. आजार बरा होतो याला मात्र ठोस पुरावा नाही, त्यामुळे थायरॉइडसाठी पॅकेज घ्या म्हणाल्या तेव्हा मी गोड हसून नको म्हटलं.

खरी तक्रार वेगळीच आहे. सुरू करण्याआधी काही म्हणजे काहीच विचारलं नाही. डायबेटिसमुळे ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांना दाब जास्त झालेला कळतच नाही, पायात रक्ताची गुठळी असेल तर चोळणं धोक्याचं, जखम असेल तरी तेच. हे विचारायला दोन मिनिटं लागतात.

पाचपैकी चार स्टार, सगळे ताईंच्या अंगठ्याला. पुन्हा जाणार, फक्त कुठला पॉइंट कशाचा ते सांगू नका म्हणणार.