न पडणाऱ्या झुंबराचे आठ महिने

परवा साउंडबारवाल्यांचा माणूस तिसऱ्यांदा येऊन गेला आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाला, "मॅडम, प्रॉब्लेम तुमच्या ॲपचा आहे." ॲपवाले म्हणतात टीव्हीचा आहे. टीव्हीवाले फोनच उचलत नाहीत. आणि या सगळ्यांच्या कृपेने गेले दोन महिने माझ्या घरात एक बाई आधी तोंड उघडते आणि मग गाते. तेव्हा एकदाचं सगळं लिहून काढते.

गोष्ट 'फँटम ऑफ द ऑपेरा' या इंग्रजी संगीत नाटकाची: पॅरिसच्या ऑपेराखाली लपून राहणारा फँटम आणि तो जिला गाणं शिकवतो ती क्रिस्टीन. बाकी अर्धा मुखवटा, तळघर, ऑर्गन, पहिल्या अंकाच्या शेवटी कोसळणारं झुंबर वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मी विकत घेतलंय ते २०११ चं चित्रीकरण, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधलं, रामीन करिम्लू (फँटम) आणि सिएरा बॉगेस (क्रिस्टीन) यांचं. सिनेमावालं नव्हे. समोर प्रेक्षक बसलेत, रंगमंचावर प्रयोग चाललाय आणि कॅमेरे लावून तो टिपलाय. एप्रिलमध्ये घेतलं, आता डिसेंबर. अकरा वेळा बघून झालंय.

घेतलं का, तर कंजूषपणा. मार्च २०२५ मध्ये हे नाटक साक्षात मुंबईत, बीकेसीला आलं होतं, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या दोन हजार खुर्च्यांच्या थिएटरात. डोंबिवलीहून बीकेसी म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. पण चौघांच्या तिकिटांचा आकडा मांडला, त्यात रात्री परतीची टॅक्सी मिळवली आणि मुकाट्याने कॅल्क्युलेटर बंद केला. तेवढ्यात आमच्याकडे नवीन वॉशिंग मशीन येतं. मुलुंडची माझी वहिनी मात्र जाऊन आली. दुसऱ्या दिवशी फोनवर पाऊण तास, आणि त्यात फक्त झुंबर. "अगं, मी मान खाली घातली. खरंच घातली. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला." गाणी कशी होती विचारलं तर म्हणाली, "गाणी छान. पण झुंबर!"

महिनाभर ते झुंबर डोक्यात घोळवून शेवटी पाचशेच्या आत हे चित्रीकरण घेतलं. शनिवारी रात्री दिवे मालवले. सासूबाई, नवरा, मुलगी, सगळे ओळीने. पहिला अंक संपत आला, फँटम वरून चवताळलाय, मी मुलीला कोपराने ढोसलं, बघ हं आता. आणि झुंबरातून ठिणग्या उडाल्या. दिवाळीत पाऊस लावतो तशा. मग मध्यंतर. झुंबर होतं तिथेच.

मागे नेऊन परत बघितलं. वाटलं, नेमका तेव्हाच कॅमेरा भलतीकडे वळला असेल. नाही. अल्बर्ट हॉलमध्ये झुंबर पडतच नाही.

कारण शोधून काढलं. तो हॉल १८७१ चा, गोल, पाचेक हजार माणसं मावणारा, मुळात मैफिलींच्या अंगाचा. नाटकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून १ आणि २ ऑक्टोबरला मिळून तिथे तीन प्रयोग केले. त्या छतातून झुंबर सोडणं जमण्यासारखं नव्हतं. नेपथ्यही बरंचसं एलईडी पडद्यांवर आहे. हे सगळं कळतं हो. पण या नाटकाची सुरुवातच झुंबराने होते, लिलावात, लॉट ६६६. आणि गास्ताँ लरूच्या १९१० च्या कादंबरीत झुंबर आलं तेही एका खऱ्या अपघातावरून. पॅरिसच्या ऑपेरात १८९६ मध्ये चालू प्रयोगात वरून वजन कोसळलं आणि एक बाई जागीच गेली. फक्त, कोसळलं ते झुंबर नव्हतं. त्याचा तोल धरायला टांगलेलं वजन होतं. सात टनांचं मुख्य झुंबर तेव्हाही वरच राहिलं. हे वाचल्यावर माझं निम्मं भांडण मिटायला हवं होतं. मिटलं नाही. त्या रात्री ॲपवर दोन तारे देऊन झोपले.

ते दोन तारे नंतर बदलले, सासूबाईंमुळे.

त्यांचं तरुणपण गिरगावात गेलं, साहित्य संघात संगीत नाटकं बघण्यात. इंग्रजी अक्षर कळत नाही. मी गोष्ट सांगायला लागले तर म्हणाल्या, "गप्प बस, कळतंय. तो तिचा मास्तर आहे आणि त्याची नियत बरी नाही." एवढं पुरेसं होतं. त्यांची तक्रार वेगळीच निघाली. फँटमचं पहिलं मोठं गाणं संपलं, टाळ्या पडल्या आणि पुढचा प्रवेश सुरू. "हे काय? वन्स मोअर नाही?" म्हटलं, आई, तिकडे तशी पद्धत नाही. "पद्धत नसेल, रिमोट तर आहे ना?" आणि मग त्या रात्री ते गाणं आमच्याकडे तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला होता. वन्स मोअर ही काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं, तेही परक्या भाषेतल्या नाटकात. बीकेसीला हे झालं असतं का? हजारो रुपये देऊन गाणं एकदाच.

दुसरं, चेहरे. बीकेसीला आम्हाला परवडल्या असत्या त्या जागांवरून फँटम म्हणजे काडेपेटीतली काडी दिसला असता. इथे मुखवट्याची कड गालात रुतलेली दिसते. केसांच्या रेषेवर चिकटवलेला बारीक माइक दिसतो. शेवटच्या प्रवेशात बॉगेसच्या डोळ्यांतून पाणी येतं, ते नाकाशी येऊन थांबतं आणि ती ते न पुसता गाते. सासूबाई म्हणाल्या, "सर्दी झाली तरी सूर सोडला नाही बाईने." सर्दी नव्हती, पण दाद योग्य ठिकाणी गेली.

तिथे मी चार तारे केले.

मग सहाव्यांदा बघताना एक गोष्ट खटकली आणि ती आता खटकायची थांबत नाही. 'प्रिमा डोना' नावाचं एक गाणं आहे. सात माणसं एकाच वेळी सात वेगवेगळ्या गोष्टी गातात. रुसलेल्या गायिकेची मनधरणी करणारे दोन मॅनेजर, तिच्या दिमतीचा टेनर, कोपऱ्यात भेदरलेली माणसं, सगळी एकदम. याची मजाच ही की आपण ज्याच्याकडे बघू त्याचं ऐकू येतं. पण कॅमेरा आधीच ठरवून मोकळा. हा चेहरा, कट, तो चेहरा, कट. मला मागे उभ्या मादाम जिरीकडे, म्हणजे ऑपेरातल्या नृत्यशिक्षिकेकडे, बघायचं असतं, कॅमेरा मॅनेजरच्या मिशा दाखवतो. लग्नात पंगतीला बसावं आणि वाढप्याने आपल्याला न विचारता ताट भरून जावं, तसं. जेवण उत्तम. पण मला कोशिंबीर हवी होती. थिएटरातल्या खुर्चीत न बसल्याने काय गमावतो ते इथे कळतं. झुंबर नंतर.

(मुलीचं म्हणणं, मग झुंबराबद्दल बोलणं बंद कर. बघू.)

आता आवाज. पहिले पाच महिने टीव्हीच्याच स्पीकरवर काढले. त्यावर ऑर्गन म्हणजे डोअरबेलच्या जवळपास. दसऱ्याच्या ऑफरमध्ये सबवूफरवाला साउंडबार घेतला. बसवायला आलेल्या मुलाने "भिंतीवर वायर लोंबकळायला नको" म्हणून ब्लूटूथने जोडला. दिसायला छान. आणि त्या दिवसापासून ओठ पुढे, आवाज मागे.

बातम्यांमध्ये जाणवत नव्हतं. गाण्यात जीव जातो. बॉगेस वरचा सूर लावायला तोंड उघडते, टीव्हीवर तो सूर लागून गेलेला असतो आणि आपल्याकडे तो आत्ता येतो. सर्व्हिसच्या माणसाला दाखवलं तर म्हणाला, मला तर बरोबर वाटतंय. दुसऱ्या फेरीत सॉफ्टवेअर अपडेट मारलं. तिसऱ्या फेरीत ॲपवर ढकललं आणि व्हिजिट चार्ज मागितला, वॉरंटी चालू असताना. तिथे मात्र मी आवाज चढवला. माझा आवाज अगदी वेळेवर पोचला.

यात मला बरंच ज्ञान मिळालं, तेही वाया जायला नको. आवाज चित्राच्या थोडा मागे असला तर माणसाला फारसं कळत नाही, कारण जन्मभर तेच बघत आलोय: वीज आधी, गडगडाट नंतर. प्रसारणवाल्यांच्या हिशोबात आवाज पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं, मागे राहिला तर साधारण १२५ पर्यंत चालून जातं. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो. म्हणजे रंगमंचापासून तीस मीटरवर बाल्कनीत बसलेल्यालाही तो नव्वदएक मिलिसेकंद उशिराच मिळतो. वहिनीला हे सांगितलं तेव्हा तिने फोन ठेवला. ब्लूटूथ मात्र सहज दोनशेच्या पुढे जातं, आणि तिथे मेंदू हात टेकतो. टीव्हीत आवाज जुळवायची सेटिंग असते ना, ती आवाजाला आणखी मागे ओढू शकते. पुढे ढकलू शकत नाही. जो आवाज अजून आलाच नाही तो लवकर कसा ऐकवणार? दोन महिने मी ती पट्टी उगाच सरकवत बसले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. अकरापैकी दहा वेळा आम्ही हे सलग बघितलेलं नाही. कुकर, दूधवाला, नवऱ्याचा ऑफिसचा फोन, "जरा थांबवा हं." थांबवता येतं म्हणून थांबवलं जातं. फक्त एकदा, ऑगस्टच्या धो धो पावसात, मुलीने सगळ्यांचे मोबाइल डब्यात बंद केले, पहिल्या अंकानंतर घड्याळ लावून पंधरा मिनिटं मध्यंतर केलं, खालून वडे आणले आणि मग दुसरा अंक शेवटपर्यंत. त्या रात्री शेवटच्या टाळ्यांना मी दिवाणखान्यात उभी राहिले. नवरा बघतच राहिला. मग तोही उभा राहिला, पाठीला रग लागली म्हणून, असं त्याचं म्हणणं.

आणि त्या टाळ्यांनंतर टीव्ही बंद करू नका. खरा पैसा वसूल तिथे आहे. नाटकाचा संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर येऊन बोलतो. १९८६ चा पहिला फँटम मायकेल क्रॉफर्ड येतो, मूळची क्रिस्टीन सारा ब्राइटमन येते आणि आणखी चार फँटम तिच्याबरोबर गातात. करिम्लूही त्यांच्यात जाऊन मिळतो. ही माणसं एका रंगमंचावर त्या रात्री होती. बीकेसीच्या पहिल्या रांगेतल्या तिकिटावरसुद्धा हे मिळणार नव्हतं. वहिनीला हे मी मुद्दाम व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण झुंबर पडलं का?"

हिशोब: पाचशेच्या आत, अकरा वेळा, चार माणसं. माणशी अकरा-बारा रुपये पडले. साउंडबार यात धरलेला नाही, धरणारही नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल मुलीने टीव्हीच्या मागे टॉर्च मारला, एआरसी लिहिलेलं, म्हणजे टीव्हीचा आवाज वायरने साउंडबारकडे पाठवणारं, एचडीएमआयचं भोक शोधलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून साडेतीनशेची वायर आणून लावली. दहा मिनिटं. वायर भिंतीवर लोंबकळते आहे आणि मला ती मंगळसूत्रापेक्षा सुंदर दिसते आहे. ओठ आणि आवाज एकत्र. म्हणून रात्री बाराव्यांदा लावलं. सबवूफर पहिल्यांदाच वायरच्या जोरावर, आवाज जरा जास्तच.

सासूबाई दर वेळी न चुकता म्हणतात, "या वेळी पडेल बघ." कालही म्हणाल्या. लिलाव झाला, लॉट ६६६ वरचं कापड निघालं, ऑर्गन सुरू झाला, दिवाणखान्याच्या काचा थरथरल्या आणि स्वयंपाकघरात मांडणीवरून पातेल्याचं झाकण खण्णकन फरशीवर आलं.

"अगंबाई," सासूबाई दचकून म्हणाल्या, "इतक्यात?"