शेवटचे पाच मिलिग्रॅम: डच टेपरिंग स्ट्रिपचं परीक्षण

अँटिडिप्रेसंटसारखं, म्हणजे डिप्रेशनवरचं औषध हळूहळू कमी करत बंद करण्यासाठी टेपरिंग स्ट्रिप असते. ती म्हणजे आपल्याकडच्या मेडिकलमधली दहा गोळ्यांची चंदेरी स्ट्रिप नव्हे. ही छोट्या पाकिटांची लांब माळ असते. पाकिटं २८, दिवसाला एक. प्रत्येकावर दिवसाचा क्रमांक आणि त्या दिवसाचा डोस छापलेला. आजच्या पाकिटात कालच्यापेक्षा थोडंसं कमी औषध असतं, किंवा डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर काही दिवस तेवढंच. रुग्णाने पाकीट फाडायचं आणि आत जे असेल ते घ्यायचं. सुरी नको, वजनकाटा नको, हिशेब नको.

नेदरलँड्समध्ये पीटर ग्रोट आणि मानसोपचारतज्ज्ञ जिम फान ओस यांनी ही कल्पना पुढे नेली. स्ट्रिपा तयार होतात त्या ब्रेडा शहराजवळच्या बाव्हेल गावातल्या रेगेनबोग अपोथेक या फार्मसीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

अशी वस्तू लागते तरी कशाला? कारण बाजारात मिळणाऱ्या सर्वात लहान गोळीपासून शून्यापर्यंतचं अंतर कागदावर छोटं दिसतं, मेंदूच्या दृष्टीने ते प्रचंड असतं. सिटॅलोप्रॅम या अँटिडिप्रेसंटचे आकडे पाहा. ४० मिलिग्रॅमला मेंदूतले सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर (सेरोटोनिन परत ओढून घेणारी प्रथिनं, ज्यांना हे औषध अडवतं) सुमारे ८६ टक्के व्यापलेले असतात. डोस निम्मा करून २० वर आणला तरी ८० टक्के. ९ च्या आसपास ७० टक्के, साडेपाचच्या खाली ६०, २.३ ला ४०, आणि ०.८ मिलिग्रॅमलासुद्धा २० टक्के. म्हणजे ४० वरून २० वर येताना फरक जेमतेम सहा टक्क्यांचा, आणि ५ वरून एकदम शून्यावर येताना जवळजवळ साठ टक्क्यांचा. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त हेच गणित मांडलं आणि डोस घसरगुंडीच्या आकाराने, शेवटी अगदी बारीक पावलांनी उतरवावा असं सुचवलं. 'पंधरा दिवस अर्धी, पंधरा दिवस एक दिवसाआड, मग बंद' ही आपल्याकडची नेहमीची पद्धत बरोबर याच शेवटच्या टप्प्यावर माणसाला कड्यावरून खाली सोडते.

स्ट्रिपचा खरा गुण इथे आहे. ती फार्मसी बाजारात नसलेल्या बारीक ताकदीच्या गोळ्या बनवते आणि त्यांची जुळणी करून मधला प्रत्येक डोस देते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १७५० जणांना प्रश्नावली गेली, ११९४ परत आल्या. त्यांतल्या ८९५ जणांना अँटिडिप्रेसंट पूर्ण बंद करायचं होतं, आणि ७१ टक्क्यांना ते जमलं, मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त वेळ) पाहिला तर दोन स्ट्रिपांत, म्हणजे ५६ दिवसांत. सर्वाधिक लोक व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिनवर होते, म्हणजे सोडायला सर्वात चिवट मानल्या जाणाऱ्या औषधांवर. हे आकडे उमेद देणारे आहेत. पण पाहणी स्ट्रिप विकसित करणाऱ्यांनीच केली, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचं काय झालं ते या आकड्यांत येत नाही. एवढं लक्षात ठेवूनच त्यांवर भिस्त ठेवावी.

उणिवाही आहेत, आणि त्या वापरताना बोचतात. रोज थोडा डोस कमी होत जातो, पण त्रास मात्र काही दिवस मागून येतो. दहाव्या पाकिटाचा परिणाम चौदाव्या दिवशी जाणवला तर तोवर डोस आणखी चार पायऱ्या खाली गेलेला असतो. अशा वेळी मधेच थांबायचं म्हटलं तर हातातली स्ट्रिप उपयोगाची नाही, एकाच डोसची वेगळी स्ट्रिप मागवावी लागते. म्हणून पहिली स्ट्रिप लिहून घेतानाच डॉक्टरांशी ठरवून ठेवावं की त्रास झाला तर कुठल्या डोसवर थांबायचं. दहा-दहा वर्षं औषध घेतलेल्या माणसाला दोन महिने पुरतील असं धरून चालू नये. अशांना कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही जास्त लागतं, आणि मग पाकिटांचा खर्च वाढत जातो. विम्याचे पैसे मिळतील का, हे आधी विचारून घ्यावं.

पाचपैकी चार गुण. एक गुण मधे थांबता न येण्यासाठी कापला.

महाराष्ट्रातल्या मेडिकलमध्ये ही स्ट्रिप मिळत नाही. मग इथे काय करता येतं?

एसिटॅलोप्रॅम या अँटिडिप्रेसंटची साधी गोळी असेल तर पाण्यात विरघळवून मोजण्याची रीत आहे. डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांना सांगूनच ती करावी. १० मिलिग्रॅमची एक गोळी २० मिलिलिटर पाण्यात टाकायची, पूर्ण विरेपर्यंत हलवायची. आता दर मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम औषध आहे. लहान मुलांना औषध पाजायची सुई नसलेली सिरिंज घ्यायची, बाटली पुन्हा हलवून लगेच ओढायचं: ६ मिलिलिटर म्हणजे ३ मिलिग्रॅम, २ मिलिलिटर म्हणजे १, अर्धा मिलिलिटर म्हणजे पाव मिलिग्रॅम. उरलेलं टाकून द्यायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. चव कडू लागते. सगळ्यात जास्त चूक होते ती न हलवता वरवरचं पाणी ओढण्यात: गोळीचा न विरलेला चुरा तळाशी बसतो, त्यात औषध अडकलेलं असेल तर एक दिवस कमी जातं आणि एक दिवस जास्त. एसिटॅलोप्रॅमचा डोस सिटॅलोप्रॅमच्या साधारण निम्मा धरतात, त्यामुळे १०, ७.५, ५, ३, २, १, अर्धा, पाव आणि मग बंद, असा उतार नमुना म्हणून डॉक्टरांसमोर ठेवता येईल. प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. आधी एकदा सोडताना त्रास झालेला असेल तर चार आठवडेच धरा.

गोळीच्या नावापुढे ईआर, एक्सआर, एसआर किंवा सीआर असेल, म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी असेल, तर यातलं काहीच करू नका. डेसव्हेनलाफॅक्सिनची ५० ची गोळी मोडली किंवा चुरली तर दिवसभरात हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. ड्युलॉक्सेटिनच्या दाण्यांवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारा थर असतो, ते चुरले तर औषध पोटातच खराब होतं. व्हेनलाफॅक्सिनच्या ज्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात त्यांतले काही दाणे काढून डोस कमी करता येतो. मात्र कंपनी बदलली की दाण्यांची संख्या बदलते, आणि काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये दाण्यांऐवजी छोट्या गोळ्याच निघतात. म्हणून उतार चालू असेपर्यंत एकच ब्रँड ठेवावा. मेडिकलवाल्याने 'हेच आहे, दुसऱ्या कंपनीचं' म्हटलं तरी बदलू नये.

एक दिवसाआड घेण्याचा सल्ला फार सर्रास मिळतो. व्हेनलाफॅक्सिनचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे ५ तास, त्याच्या शरीरात बनणाऱ्या सक्रिय रूपाचं सुमारे ११. दोन दिवसांनी गोळी घेतली तर मधल्या काळात रक्तातलं औषध जवळपास संपलेलं असतं. म्हणजे दर दोन दिवसांनी एकदा अचानक बंद केल्यासारखंच. फ्लुओक्सेटिनची गोष्ट वेगळी: ते आणि त्याचं सक्रिय रूप शरीरात दिवसचे दिवस, कधी आठवडेही राहतं. म्हणूनच काही डॉक्टर आधी फ्लुओक्सेटिनवर नेऊन मग बंद करतात. हा बदल घरच्या घरी करायचा नाही, दोन औषधांचे परिणाम एकमेकांवर चढू शकतात.

आधीच झटक्यात बंद केलं असेल तर? डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, मान किंवा डोळे वळवले की वाढणारे. बोटीत उभं राहिल्यासारखं डुलणं, मळमळ, घाम, विचित्र आणि ठसठशीत स्वप्नं, कारण नसताना रडू किंवा चीड. हे साधारण दोन-चार दिवसांत सुरू होतं, फ्लुओक्सेटिन असेल तर बऱ्याच उशिरा. आजार परत आला की सुटलेल्या औषधाचा त्रास, हे ओळखायला करंटसारखे झटके आणि चक्कर ही मोठी खूण आहे, डिप्रेशनमध्ये ती सहसा नसतात. दुसरी खूण म्हणजे वेळ: आजार आठवड्या-महिन्यांनी हळूहळू परततो. तिसरी म्हणजे पूर्वीचा डोस पुन्हा सुरू केल्यावर त्रास बऱ्याचदा काही दिवसांत ओसरतो. डॉक्टरांना फोन करून नेमकी हीच माहिती द्या: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वर्षं, शेवटची गोळी कधी, त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला. बंद करून बरेच आठवडे झाले असतील तर पूर्ण डोस एकदम सुरू करू नका, कितीपासून घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

घाबरून जायचंही कारण नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आलेल्या ७९ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार औषध थांबवल्यावर साधारण तिघांपैकी एकाला काही ना काही लक्षण जाणवलं, पण गंभीर त्रास सुमारे ३५ जणांत एकाला झाला. त्या एकाला 'सगळं मनाचं आहे' असं ऐकवलं जातं, ते मात्र थांबलं पाहिजे.

गोळीचं पाकीट उलटून नीट वाचा. आपल्याकडे एसिटॅलोप्रॅमसोबत क्लोनाझेपाम हे घबराट कमी करणारं औषध घातलेल्या जोडगोळ्या खूप चालतात. ती एकदम सोडली तर दोन औषधं एकाच वेळी सुटतात, आणि क्लोनाझेपाम अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते. अशी गोळी असेल तर दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून घेऊन एकेक करून उतरवावी लागतात. फिट आली, रात्रंदिवस झोप नसून अंगात भलताच जोर संचारला, किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, कोणालातरी सोबत घेऊन थेट हॉस्पिटलमध्ये जा. मध्यरात्री कोणाशी बोलावं हे सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.