जिब्राल्टर पौंड आणि बर्म्युडा डॉलर

स्पेनच्या दक्षिण टोकाला लागून असलेला जिब्राल्टर आणि अटलांटिक महासागरातील बर्म्युडा, ब्रिटनचे सार्वभौमत्व मानणाऱ्या या दोन्ही प्रदेशांच्या नाण्यांवर ब्रिटिश राजाचे किंवा राणीचे चित्र असले, तरी त्यांचे चलन दोन वेगळ्या दिशांना तोंड करून उभे आहे. जिब्राल्टरचा पौंड ब्रिटिश पौंडाशी एकास एक बांधलेला असून तेथे ब्रिटिश नोटाही सर्रास चालतात; मात्र जिब्राल्टरची नोट ब्रिटनमधील दुकानदाराने स्वीकारलीच पाहिजे असे बंधन नाही, आणि ही एकतर्फी समता प्रवाशाच्या खिशाला चांगलीच जाणवते. स्वतःची चलनी नाणी जिब्राल्टरने 1988 मध्ये काढली. पाच पेन्सवर तेथील प्रसिद्ध माकड आले.

बर्म्युडाने 1970 मध्ये पौंड सोडून दशमान डॉलर स्वीकारला आणि 1972 पासून तो अमेरिकी डॉलरशी समान दराने जोडला. पर्यटन आणि व्यापार अमेरिकेकडे झुकलेला असल्याने हे व्यवहार्यच होते. एका सेंटवरचे रानडुक्कर सतराव्या शतकातील तेथील डुक्करछाप नाण्यांची आठवण जपते. 2009 च्या उभ्या मांडणीच्या नोटा तर फारच देखण्या आहेत. संग्राहकाने एकच निवडायचे तर माझा कौल बर्म्युडाला. प्रवाशाने मात्र दोन्हीकडचे उरलेले पैसे निघण्यापूर्वीच खर्चावेत किंवा बदलून घ्यावेत.