लॅमिंग्टन रोड: एक नग मिळणारा बाजार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या बाजारात, आयआरएलझेड४४एन हा मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) मागितला आणि हातात आयआरएफझेड४४एन पडला, तर घरी जाईपर्यंत काही कळत नाही. दोन्ही एकाच आकाराचे, तीन पायांचे, दिसायला सख्खे भाऊ. फरक ‘एल’ आणि ‘एफ’ एवढाच. पण आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाच्या ५ व्होल्टवर ‘एल’वाला मॉसफेट पूर्ण चालू होतो, तर ‘एफ’वाला अर्धवट उघडतो. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, त्याचा रोध गेटला (चालू-बंद करणाऱ्या पायाला) १० व्होल्ट दिले असतानाचा असतो. त्यामुळे एलईडीची पट्टी मंद लागते आणि मॉसफेटला बोट लावता येत नाही इतका तो तापतो. मग मुलं कोडमध्ये चूक शोधत बसतात. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला पाच-सात मिनिटांवर असलेल्या या बाजारात दुकान पारखायचं असेल तर नेमका हाच नंबर मागावा. ‘गेटला किती व्होल्ट देणार?’ असं विचारणारा काउंटर कायमचा धरून ठेवावा. ‘वोही है, चलेगा’ म्हणणाऱ्याकडून फक्त वायर आणि स्क्रू घ्यावेत.

रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना लॅमिंग्टन रोडच कळतो. नवख्याची पहिली फसगत दर्शनी दुकानांत होते. तिथे लॅपटॉप, सीसीटीव्ही, राउटर, प्रिंटर यांचा पसारा असतो. सुटे भाग शोधायचे तर आतल्या इमारतींत, अरुंद जिन्यांवर आणि बाजूच्या गल्ल्यांत शिरावं लागतं. छतापर्यंत प्लॅस्टिकचे छोटे ड्रॉवर रचलेला आणि दोन माणसं उभी राहिली की भरून जाणारा गाळा दिसला, की आपण योग्य ठिकाणी आलो. रविवारी बहुतेक शटर खाली असतात. शनिवारी दुपारी गर्दी इतकी असते की काउंटरवरचा माणूस फक्त नंबर ऐकतो, प्रश्न नाही. सल्ला हवा असेल तर मधल्या वारी, सकाळी दुकान उघडल्यावर जावं.

अशा गाळ्याचं गणित वरवर पाहता जमायलाच नको. १० ओहमपासून १ मेगाओहमपर्यंत, नेहमीच्या ई-१२ मालिकेतले (दर दहापटीत बारा) पाव वॉटचे रेझिस्टरच रोधाच्या ६१ किमतींचे होतात. ते ५ टक्के कार्बन फिल्म आणि १ टक्का मेटल फिल्म असे दोन्ही ठेवले तर १२२ ड्रॉवर. त्यात अर्धा वॉट आणि एक वॉट मिळवा, मग कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी, कनेक्टर. एवढा माल अडकवून ठेवायचा आणि समोरचं गिऱ्हाईक मागतं काय, तर दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि एक ४.७ के (४.७ हजार ओहमचा) रेझिस्टर. या विक्रीवर भाडं निघत नाही. हौशी मंडळींना वाटतं की दुकान आपल्यामुळे चालतं. खरं तर हौशी गिऱ्हाईक म्हणजे दुकानाची शोभा.

पैसा येतो दुरुस्तीच्या धंद्यातून. इंडक्शन शेगडीचं उदाहरण घ्या. शेगडी बंद पडली की बहुधा आयजीबीटी, म्हणजे कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर, गेलेला असतो, आणि जाताना तो फ्यूज आणि बऱ्याचदा ब्रिज रेक्टिफायरही (एसीचा डीसी करणारा भाग) घेऊन जातो. जाणकार मेकॅनिक त्याच वेळी कॉइलशेजारचा ०.२७ किंवा ०.३ मायक्रोफॅरडचा, १२०० व्होल्टचा कपॅसिटर मोजतो. तो उतरलेला असेल आणि बदलला नाही, तर नवा आयजीबीटी पहिल्याच भांड्याला फुटतो. गेटला झटका देणारी ८०५० आणि ८५५० ही ट्रान्झिस्टरची जोडीही तपासावी लागते. म्हणजे चार-पाच वेगवेगळे भाग, प्रत्येकी एक नग, आणि तेही आजच दुपारपर्यंत, कारण गिऱ्हाईक संध्याकाळी शेगडी न्यायला येणार. ऑनलाइन दुकान कितीही स्वस्त असलं तरी इथे उपयोगाचं नाही. टीव्हीच्या बॅकलाइटच्या पट्ट्या, एसएमपीएसचे (स्विचिंग पॉवर सप्लायचे) आयसी, अॅम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर यांचंही तसंच. त्यावर लहान गावांतल्या दुकानदारांची घाऊक खरेदी आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या ऑर्डरी. जानेवारी ते एप्रिल हा प्रोजेक्टचा हंगाम. त्या काळात काही ठिकाणी सर्किट, कोड आणि अहवालासकट तयार प्रोजेक्टच विकला जातो. त्यावर नाकं मुरडायला हरकत नाही, पण ड्रॉवरमधले रेझिस्टर त्या पैशावरही टिकून आहेत.

दुसरं कारण बाजाराबाहेर कुणी फारसं बोलत नाही, ते म्हणजे जागा. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत बरेच गाळे पागडीचे असतात. त्यांचं महिन्याचं भाडं आजच्या बाजारभावाच्या मानानं नगण्य. मंद खपाचा माल वर्षानुवर्षं सांभाळणं त्यामुळेच परवडतं. चालू दरानं भाडं भरणाऱ्याला ६१ किमतींचे रेझिस्टर ठेवणं जमणार नाही, तो मोबाइलची कव्हरं विकेल. अमेरिकेत रेडिओशॅकचं थोड्याफार फरकानं हेच झालं. १९२१ मध्ये बॉस्टनला सुरू झालेल्या या साखळीनं दर्शनी जागा मोबाइल फोनला दिली, सुटे भाग मागच्या कपाटात गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रिटनमधलं मॅप्लिन २०१८ मध्ये २०० हून अधिक दुकानांसह बुडालं. इथल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की ड्रॉवरवाल्या गाळ्यांची खरी परीक्षा होईल. ऑनलाइन स्पर्धा त्यापुढे किरकोळ वाटेल.

ऑनलाइनमुळे धंदा बसला, हे अर्धंच खरं. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आली आणि चीनमधून दोन-चार डॉलरचं पाकीट मागवण्याची वाट बंद झाली. मग मॉड्यूलची (तयार छोट्या सर्किटांची) मागणी इथल्या आयातदारांकडे आणि पुण्यातून चालणाऱ्या रोबूसारख्या देशी ऑनलाइन दुकानांकडे वळली. मॉड्यूल, बोर्ड, मोटर, थ्रीडी प्रिंटरचे भाग ऑनलाइन घेणंच बरं. मॉडेल नंबर नीट लिहिलेला असतो, तक्रारीला जागा असते. पण पाच रुपयांच्या भागासाठी पन्नास-साठ रुपये कुरिअर भरायचं आणि तो चुकला की आणखी चार दिवस थांबायचं, हे रेझिस्टर-ट्रान्झिस्टरच्या बाबतीत मूर्खपणाचं आहे. ज्या आयसीच्या अस्सलपणावर सगळं अवलंबून आहे, म्हणजे मोजमापाचे ऑप-अॅम्प (सूक्ष्म व्होल्टेज वाढवणारे), एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारे), संदर्भ व्होल्टेजचे आयसी, ते माउझर, डिजिकी किंवा एलिमेंट१४ अशा अधिकृत वितरकाकडूनच घ्यावेत. त्यासाठी लॅमिंग्टन रोड पालथा घालण्यात अर्थ नाही.

कारण नकली मालाचा प्रश्न इथे आहेच, आणि तो दुकानदाराच्या हेतूपेक्षा पुरवठ्याच्या साखळीचा आहे. त्यालाही माल तसाच आलेला असतो. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर घ्या. त्याच्या आतला, दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांचा अंकित क्रमांक २८ ने सुरू होतो आणि अस्सल सेन्सरमध्ये सहावी आणि सातवी जोडी ००-०० असते. तिथे दुसरं काही दिसलं तर तो नकली. खोली थंड की गरम एवढंच पाहायचं असेल तर तोही चालतो, पण एका तारेवर आठ सेन्सर पॅरासाइट पॉवरवर (पॉवरची वेगळी तार न देता) जोडलेत तर मधलेच गायब होतात. ब्लू पिल या स्वस्त बोर्डवरची एसटीएम३२ चिप एसटी-लिंक या प्रोग्रामरनं संगणकाला जोडल्यावर ०x१बीए०१४७७ ऐवजी ०x२बीए०१४७७ असा आयडी देत असेल, तर ती दुसऱ्याच कंपनीची चिप. २०२० नंतरच्या चिपटंचाईत असे बोर्ड फार आले. एलएम२५९६ लिहिलेल्या स्वस्त बक (व्होल्टेज उतरवणाऱ्या) मॉड्यूलवरची चिप १५० किलोहर्ट्झऐवजी ५०च्या आसपास चालताना आढळते. वारंवारिता तिपटीनं घसरली की बोर्डवरची कॉइल अपुरी पडते आणि ३ अँपिअर लिहिलेलं मॉड्यूल दीड अँपिअरलाच भाजू लागतं. ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० आकाराचा लिथियम सेल मात्र दुरूनच ओळखावा. अव्वल कंपन्यांचे सेलही साधारण ३५०० पर्यंतच जातात, आणि अस्सल सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. खिशात दागिन्यांचा छोटा वजनकाटा ठेवला तर वाद घालावा लागत नाही.

जुन्या मालाचा धोका वेगळा. रेझिस्टर वीस वर्षं ड्रॉवरमध्ये पडला तरी काही बिघडत नाही, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र वाळतो. धूळ बसलेल्या डब्यातून १००० मायक्रोफॅरड काढून दिला तर ईएसआर मीटरवर (कपॅसिटरचा आतला रोध मोजणाऱ्या) तपासून घ्यावा. ‘एकशे पाच डिग्रीवाला द्या’ असं स्पष्ट सांगावं. नाहीतर ८५ चा हातात पडतो. दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे एसएमपीएसच्या गरम डबीत हा फरक महिन्यांत दिसतो.

या बाजाराची खरी ताकद ‘इक्विव्हॅलंट’मध्ये आहे. बीसी५४७ नसेल तर जुना काउंटरवाला न विचारता प्लॅस्टिकचा २एन२२२२ पुढे करतो. करंट जास्त झेपतो, पण पाय उलटे असतात. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी५४७ चे पाय कलेक्टर-बेस-एमिटर आणि दुसऱ्याचे एमिटर-बेस-कलेक्टर. चांगला दुकानदार हे देतानाच बोटानं दाखवतो. तसंच, १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवरून अर्धा अँपिअर घ्यायला ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) मागितला की तो विचारतो, ‘हीटसिंक घेतला का?’ सात व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे साडेतीन वॉट उष्णता. उघडा ७८०५ ती सोसू शकत नाही, तो तापून स्वतःच बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. गिऱ्हाइकाला वाटतं, बोर्ड हँग होतोय. असा एक प्रश्न कुठल्याही वेबसाइटच्या पानावरून येत नाही.

नव्या पिढीच्या काउंटरवर मात्र हे ज्ञान पातळ होत चाललंय. आजही मोटरसाठी सरसकट एल२९८एन हा ड्रायव्हर हातात ठेवला जातो. त्यात दोन व्होल्टच्या वर सहज गळतात, म्हणजे ६ व्होल्टच्या बॅटरीवर मोटरला जेमतेम चार. लहान रोबोला टीबी६६१२ किंवा डीआरव्ही८८३३ कितीतरी बरा. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर देताना त्याचा इको पाय ५ व्होल्ट देतो आणि ईएसपी३२ बोर्डाला ३.३ च सोसतात, हे क्वचितच कुणी सांगतं. मध्ये १ के आणि २ के रेझिस्टरचा विभाजक घालावा, म्हणजे बोर्ड वाचतो.

ट्रान्सफॉर्मर हा अजूनही इथला खास माल, कारण तो जड असल्यामुळे कुरिअरला महाग पडतो आणि हव्या त्या व्होल्टेजचा गुंडाळूनही मिळतो. १२-०-१२, १ अँपिअरचे दोन नमुने हातात घेऊन पाहावेत. स्वस्तातला बऱ्याचदा अॅल्युमिनियमच्या तारेचा असतो, पूर्ण लोडवर तो जास्त तापतो. तांब्याचाच हवा असेल तर बिलावर तसं लिहून घ्यावं. बिल म्हटलं की १८ टक्के जीएसटी वर लागतो. पक्कं बिल मागितल्यावर भाव बदलत असेल, तर मूळ भाव कुठल्या हिशोबानं सांगितला होता ते समजून घ्यावं.

पुण्याच्या लोकांनी रेझिस्टर, सोल्डर आणि नेहमीच्या मॉड्यूलसाठी इथवर यायचं कारण नाही, बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पुरते. जुन्या अॅम्प्लिफायरचा, बंद झालेल्या नंबरचा आयसी किंवा जोडी जुळवलेले पॉवर ट्रान्झिस्टर हवे असतील तरच डेक्कन क्वीन पकडावी.

जाताना यादी कागदावर, पूर्ण नंबरासह न्यावी. जळालेला भाग सोबत असेल तर उत्तम. मोबाइलमधला अंधूक फोटो चालत नाही, कपॅसिटरवरचं ‘१०४’ किंवा ‘१०४के’ एवढंच वाचता येतं आणि व्होल्टेज राहून जातं. प्रत्येक अर्धवाहक भाग एक जास्त घ्यावा. विकलेला आयसी कुणी परत घेत नाही आणि ते रास्तही आहे, कारण तो दुकानात मेला की घरी, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. मॉड्यूल असेल तर काउंटरवरच ५ व्होल्ट लावून दाखवायला सांगावं. जम्पर वायरच्या गड्डीला चुंबक लावून पाहावं. चिकटली तर आत लोखंड आहे, दुसरी गड्डी मागावी.