सानशिंगदुईची गाईडसोबतची एक दिवसाची सहल : काही महिन्यांनंतरचा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चीनमधल्या चेंगदू शहरात राहतो. पुण्या-नाशिकहून पाहुणे येतच असतात आणि आलेल्या प्रत्येकाला मी सानशिंगदुईला, म्हणजे तिथल्या प्राचीन उत्खननाच्या संग्रहालयात नेते. गाईड घेऊन गेले, गाईडशिवाय गेले, भर उन्हाळ्यात गेले, सुट्टीच्या झुंबडीतही गेले. आता माझं मत पक्कं झालंय. सहल जरूर करा, पण गाईड पारखून घ्या आणि अख्खा दिवस याच एका जागेला द्या.

चेंगदूच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर ग्वांगहान शहर आहे, त्याच्या जवळच ही जागा. १९२९ साली इथे एका शेतकऱ्याला पाट खणताना जेड या मौल्यवान दगडाच्या वस्तू सापडल्या. पण जगाचं लक्ष गेलं ते १९८६ मध्ये. विटांसाठी माती काढणाऱ्या कामगारांना आधी एक खड्डा लागला, मग महिन्याभरातच दुसरा. आत कांस्याचे मुखवटे, सोनं, जेड आणि हस्तिदंतांचे थर होते. बरंचसं मुद्दाम मोडून, जाळून पुरलेलं. काळ तीन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे उत्तर चीनमध्ये शांग घराण्याचे राजे राज्य करत होते तेव्हाचा. शांगांनी हाडांवर कोरलेला मजकूर आज वाचता येतो. सानशिंगदुईत मात्र वाचता येईल असा एकही लेख अजून मिळालेला नाही. राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. जे काही कळायचं ते वस्तू नीट निरखूनच. म्हणूनच इथे गाईडला इतकं महत्त्व आहे.

चांगला गाईड काय करतो ते सांगते. कांस्याचा एक उभा पुरुष आहे, चौथऱ्यासह २.६२ मीटर उंच. बहुतेक जण फोटो काढतात आणि पुढे सरकतात. आमच्या गाईडने सगळ्यांना बाजूला नेऊन त्याचे हात बघायला लावले. हात अवाढव्य, मुठी गोल आणि पोकळ. पण दोन्ही मुठींची भोकं एका सरळ रेषेत येत नाहीत! म्हणजे हातात काठी नसणार, काहीतरी वाकडं असणार. हस्तिदंत असावा, असा एक तर्क आहे. तो ऐकल्यावर पाहुण्यांपैकी एक काका पुन्हा मागे जाऊन बराच वेळ त्या मुठींकडे बघत राहिले. १३८ सेंटीमीटर रुंदीच्या मुखवट्यापाशीही तसंच झालं. त्याचे डोळे नळीसारखे १६ सेंटीमीटर बाहेर आलेले आहेत. याच भागातल्या प्राचीन शू राज्याचा राजा त्सानत्सोंग याचे डोळे असेच होते, अशी जुनी दंतकथा आहे. दंतकथा कुठे संपते आणि पुरावा कुठे सुरू होतो, हे त्या गाईडने स्वच्छ सांगितलं.

दुसऱ्या एका सहलीतला गाईड मात्र त्याच मुखवट्यासमोर परग्रहवासीयांच्या गोष्टी सांगत सुटला. मला मनापासून राग आला. इतकं अवघड ओतकाम करणाऱ्या माणसांचं श्रेय त्यांनाच मिळायला हवं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त थांबवतात त्या कवड्या. खड्ड्यांमध्ये त्या हजारोंनी सापडल्या, काही तर कांस्याच्या भांड्यांत भरून ठेवलेल्या. चेंगदू ज्या प्रांतात आहे त्या सिच्वानला समुद्र नाही. या कवड्या दूरच्या उबदार समुद्रातून आल्या, आणि बरेच अभ्यासक हिंदी महासागराकडे बोट दाखवतात. तुळजाभवानीची कवड्यांची माळ घरात असलेल्या माझ्या सासूबाई त्या काचेपुढून हलायलाच तयार नव्हत्या.

पुन्हा पुन्हा जाण्याचाही फायदा झाला. २०१९ च्या अखेरीपासून आणखी सहा खड्डे सापडले आणि कथा बदलत राहिली. १९८६ मध्ये दुसऱ्या खड्ड्यातून निघालेला एक तुकडा २०२२ मध्ये आठव्या खड्ड्यातल्या मूर्तीला जुळला. छत्तीस वर्षांनी! संग्रहालयाच्या आवारात डागडुजीचं काम काचेतून बघता येतं. हातात ब्रश घेऊन एकेक कण माती काढणारी ती माणसं बघायला मुलांनाही आवडतं. संग्रहालयाची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये उघडली. ३.९६ मीटर उंचीचा, नऊ पक्षी बसलेला कांस्यवृक्षही याच संग्रहालयात आहे. त्याच्याभोवती सावकाश फिरा, खोडावरून खाली उतरणारा ड्रॅगन एका बाजूने पटकन दिसत नाही.

पांडा आणि सानशिंगदुई एकाच दिवसात उरकणारं पॅकेज घेऊ नका. आमच्या तशा सहलीत सकाळ पांडांत गेली, मग चहाच्या दुकानात तासभर मोडला आणि संग्रहालयाला जेमतेम दीड तास उरला. घरच्या मंडळींनी खर्च केलेला पैसा असा वाया गेल्याचं वाईट वाटतं. बुकिंग करतानाच विचारा, आत किती वेळ देणार आणि वाटेत दुकानं आहेत का. आणखी एक, आम्ही घेतलेल्या कुठल्याच सहलीत प्रत्यक्ष खड्ड्यांपाशी नेलं नाही, सगळं संग्रहालयातच होतं. तिकीट आधीच काढावं लागतं आणि ते पासपोर्टवर निघतं, त्यामुळे पासपोर्ट जवळच ठेवा. शाकाहारी असाल तर डबा न्या, सिच्वानच्या साध्या दिसणाऱ्या भाजीतही खिमा निघतो. गुडघे दुखणाऱ्यांनी मधे बसून बसून बघावं, दालनं मोठी आहेत.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर चेंगदू शहरातलंच जिन्शा हे प्राचीन स्थळ बघा. ते २००१ मध्ये सापडलं, सानशिंगदुईनंतरच्या काळातलं आहे, आणि तिथला सोन्याचा सूर्यपक्षी बघायला गाईडचीही गरज नाही. पण आधी सानशिंगदुई, मग जिन्शा, हाच क्रम ठेवा.