कॅमच्या काठची वाट : नऊ महिने सायकलवरून, त्यातले चार आईबरोबर पायीही

गेल्या ऑक्टोबरात केंब्रिजला राहायला आले. घर चेस्टरटनला आणि काम जीझस ग्रीनच्या पलीकडे, मधे कॅम नदी. ऑफिसात ज्याला त्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, नदीकाठाने ये, गाड्यांची कटकट नाही. म्हणून जुनी सायकल घेतली आणि रोज त्याच वाटेने जायला लागले. ग्रीन ड्रॅगन पूल ओलांडायचा, स्टोअरब्रिज कॉमनचं कुरण पार करायचं, मग रिव्हरसाइड, एलिझाबेथ वे पुलाखालून मिडसमर कॉमन आणि शेवटी जीझस ग्रीनची झाडं. फेब्रुवारीत आई सांगलीहून आली ती जूनपर्यंत राहिली. तेव्हापासून सकाळी सायकलवर आणि संध्याकाळी तिच्याबरोबर पायी, अशी ही वाट दोन्ही बाजूंनी वापरली. इथे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी वाटेबद्दल. देखणी आहे, यात वाद नाही. एप्रिलपासून कुरणात गाई सोडतात, त्या थेट वाटेवर येऊन बसतात आणि सगळे सायकलवाले मुकाट्याने वळसा घालून जातात. कुरणाच्या तोंडाशी जमिनीत लोखंडी पाइपांची जाळी बसवलेली असते, गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून. पावसात ती निसरडी होते. तिच्यावर सायकल सरळ धरायची, हँडल अजिबात वळवायचं नाही. रिव्हरसाइडला जुन्या पंपिंग स्टेशनची उंच चिमणी लागते. १८९४ साली ते बांधलं तेव्हा शहराचा कचरा जाळून त्याच्या वाफेवर सांडपाणी उपसत असत. आता तिथे संग्रहालय आहे.

ग्रीन ड्रॅगन पुलापासून शहराबाहेर, बेट्स बाइट लॉककडे (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून होड्या पुढे सोडणारे नदीतले दरवाजे) जाणारी जी वाट आहे तिला इथे हेलिंग वे म्हणतात. घोडे काठाने चालत आणि दोराने मालाच्या होड्या ओढत, ती ही वाट. म्हणजे मुळात ती चालीच्या वेगाची आहे. रुंदी म्हणाल तर तीन माणसं शेजारी शेजारी चालली की संपली. खाली बारीक खडी, कडेला गवत, दुसरीकडे पाणी. दिवे नाहीत.

आता मुख्य तक्रार. या वाटेवर सायकलवाले आणि चालणारे यांच्यात रोज काही ना काही होतं. अपघात क्वचित, पण दचकणं, पुटपुटणं, मागून ओरडणं हे रोजचं. पहिले चार महिने मला वाटायचं की दोष चालणाऱ्यांचा आहे. चौघं चौघं एका ओळीत चालतात, कानात इअरफोन, कुत्र्याचा पट्टा वाटेवर आडवा. मी घंटी वाजवायचे आणि जोडपं असेल तर एक डावीकडे उडी मारायचा, दुसरा उजवीकडे, आणि मधे तो ताणलेला पट्टा. नोव्हेंबरात एकदा संध्याकाळी अशाच पट्ट्यात माझं पुढचं चाक अडकता अडकता राहिलं. अंधार होता, पट्टा काळा आणि सुतळीएवढा बारीक. कुत्र्याच्या मालकिणीने मला सुनावलं, मीही तिला सुनावलं. घरी आल्यावर हात थरथरत होते, पण तेव्हाही मला माझंच बरोबर वाटत होतं. घंटी दिली होती ना मी!

मग आई आली.

आई सायकलला बुजणारी बाई नाही. सांगलीत आयर्विन पुलावरून रोज सायकलने शाळेत शिकवायला जायची, तीही सगळी वह्यांची पिशवी हँडलला लावून. पण इथल्या फेब्रुवारीत ती कानटोपी घालून, वर शाल गुंडाळून निघायची आणि तिला मागची घंटी ऐकूच यायची नाही. ऐकू यायची तेव्हा सायकल खांद्यापाशी आलेली असायची. पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं, "हे लोक आधी का नाही गं सांगत?" मी म्हटलं, आई, घंटी वाजवतात की. ती म्हणाली, "वाजवतात तेव्हा पोचलेले असतात."

मार्चमधली गोष्ट. रविवार, दुपारचं ऊन, आम्ही हेलिंग वेवर पाण्याच्या बाजूने चाललो होतो. मागून एक तरुण मुलगा आला, वेगात होता, पण त्याने रीतीप्रमाणे हाक दिली, "ऑन युअर राइट!" म्हणजे मी तुमच्या उजवीकडून जातो आहे. आईने त्यातला 'राइट' एवढाच ऐकला आणि सांगितल्यासारखी उजवीकडे सरकली, बरोबर त्याच्या पुढ्यात. त्याने ब्रेक दाबले, खडीवर मागचं चाक सरकलं आणि तो गुडघ्यावर आपटला. आईला हँडलचं टोक कोपराला लागलं. गुडघ्याची पँट फाटून रक्त आलं होतं, खडीचे दोन बारीक खडे आत रुतलेले दिसत होते. आई वाकून मराठीतच विचारत होती, "अरे, लागलं का रे बाळा?" आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, मी सांगितलं होतं! तिने पुढे केलेला रुमाल त्याने घेतला नाही. सायकल उचलली आणि निघून गेला.

आईचं कोपर दोन दिवस काळंनिळं होतं. चार दिवस ती फिरायला आली नाही. मला मात्र त्याचं ते वाक्य सुटेना, कारण ऑक्टोबरपासून रोज सकाळी मी तेच म्हणत आले होते. सांगितलं होतं. घंटी दिली होती. सायकलवरच्याला वाटतं आपण फक्त 'मी आहे' एवढं कळवलं. पाठमोऱ्या माणसाला ऐकू येतं 'बाजूला हो', आणि कुठल्या बाजूला ते ठरवायला त्याच्याकडे एक क्षण असतो. तो चुकला की दोष त्याच्या माथी. हे मला आईच्या कोपराकडे बघून कळलं आणि त्याची मला खरोखर लाज वाटली.

नंतर मी नियम काढून वाचले. २९ जानेवारी २०२२ पासून इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तकात, बदल झाला, त्यात ज्याच्या वाहनाने जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी टाकली आहे. ट्रक आणि मोटारी वरच्या पायरीवर, पण सायकलवाल्यावरही चालणाऱ्याची जबाबदारी आहेच. नियम ६३ तर सरळ अशा सामायिक वाटांबद्दलच आहे. चालणाऱ्याच्या अगदी जवळून किंवा वेगाने जाऊ नका, विशेषतः मागून येताना. गरज पडेल तसा वेग कमी करा, घंटीने किंवा नम्रपणे हाक मारून आपण आहोत हे कळवा, आणि समोरचा बहिरा, अंध किंवा कमी दिसणारा असू शकतो हे लक्षात ठेवा. त्यात आईची कानटोपीही आली, असं मी धरते. घंटीबद्दलचा कायदा मात्र विचित्र आहे. दुकानातून नवी सायकल घंटीसकटच विकावी लागते, पण घरी नेल्यावर ती काढून टाकली तर गुन्हा नाही. कित्येक सायकलींवर ती नसतेच.

मार्चनंतर मी काय बदललं ते सांगते, कारण फरक पडला आहे. एक, सायकलबरोबर आलेली टिचकीएवढी घंटी काढून पितळेची घुमटाकार घंटी लावली. जुनीचा आवाज टिक् असा तुटका, कानावर आपटणारा. नवीचा नाद लांबतो, लांबून येतो आणि विरत जातो. ती मी वीस-पंचवीस मीटरवरून एकदाच वाजवते. दोन, आणि हे घंटीपेक्षा महत्त्वाचं : वाजवायच्या आधी वेग कमी करते. आधी वेग, मग आवाज. उलटं केलं की माणूस दचकून फिरतो तोवर आपण त्याच्या अंगावर असतो. तीन, जवळ गेल्यावर 'राइट' नाही, 'लेफ्ट' नाही, नुसतं "मॉर्निंग!" म्हणते. माणसाचा आवाज कानावर आला की लोक उडी मारत नाहीत, मान वळवतात, बघतात आणि स्वतःच जागा देतात. नाही दिली तर मी पाय टेकवून थांबते. जास्तीत जास्त दहा सेकंद जातात. मी घड्याळ लावून पाहिलं, आधी घरापासून ऑफिसला चौदा मिनिटं लागायची, आता अठरा लागतात.

दिव्यांचंही सांगायला हवं. डिसेंबरात इथे चारच्या आधी सूर्य मावळतो, म्हणजे परतीचा प्रवास रोज अंधारात. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतोच. पण काही जण लुकलुकणारा प्रखर झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर लावतात. पायी चालताना तो समोरून आला की काही क्षण पायाखालची खडी दिसत नाही आणि शेजारी पाणी असतं. दिवा खाली, चाकाच्या पुढे तीन-चार मीटरवर पडेल असा वळवा. एवढी एक गोष्ट सगळ्यांनी केली तर अर्धे तंटे मिटतील असं मला मनापासून वाटतं.

वल्हवण्याच्या प्रशिक्षकांचा प्रश्न वेगळा. नदी अरुंद असल्याने बोटीबरोबर प्रशिक्षक काठाने सायकल चालवतात, एका हाताने हँडल धरतात आणि नजर सतत पाण्यावर, वल्ह्यांवर. सकाळी एकामागोमाग एक येतात. माझ्यापुरतं सांगायचं तर मी त्यांना बघितलं की गवतात उतरते, वाद घालत नाही. जूनमधल्या बम्प्सच्या शर्यती (नाव मे बम्प्स, होतात जूनमध्ये) आईला मात्र फार आवडल्या. बोटी एकामागे एक, मधे दीड बोटीचं अंतर, तोफ उडते आणि प्रत्येक बोट पुढचीला गाठून धडकायला धावते. काठाने सायकलींचा लोंढा शिट्ट्या फुंकत निघतो, अंतर जसं कमी होईल तशा शिट्ट्या वाढत जातात. तेव्हा आम्ही वाटेपासून लांब गवतावर उभ्या होतो आणि तिथून बघण्यात मजा होती. त्या दिवसांत कामावर जायला या वाटेचा विचारही करू नका.

वाट दुभागल्यावर काय होतं ते बघायचं असेल तर रिव्हरसाइडचा पूल बघा, २००८ साली झालेला. त्यावर सायकलींना आणि चालणाऱ्यांना वेगवेगळा भाग दिला आहे. तिथे मी नऊ महिन्यांत एकही भांडण पाहिलं नाही, आईही तिथे मागे वळून बघायची नाही. वाटेवर नुसता पांढरा पट्टा मारून असं होणार नाही. लहान मुलाला आणि कुत्र्याला पट्टा कळत नाही. कुरणात जागा भरपूर आहे, तिथे वेगळी वाट काढता येईल. एलिझाबेथ वे पुलाखाली मात्र जागाच नाही. तिथे सायकलवरून उतरून चालणं हाच मार्ग आहे आणि मी आता उतरते.

घेण्यासारखी आहे का ही वाट? कामावर वेळेत पोचायचं असेल तर सकाळी आठ ते नऊ नको. घाई असेल त्या दिवशी मी चेस्टरटन रोडने जाते. वेळ हाताशी असेल तर हिच्यासारखी वाट मला या शहरात दुसरी सापडली नाही. घरून आई-बाबा येणार असतील तर त्यांना जरूर न्या, बेट्स बाइट लॉकपर्यंत, दुपारच्या उन्हात. फक्त त्यांना पाण्याच्या बाजूला चालवू नका. गवताच्या बाजूला ठेवा आणि स्वतः वाटेकडच्या बाजूला राहा. दचकून पाऊल बाजूला पडलंच तर तिकडे पडायला जागा आहे. पाण्याकडे हातभर काठ, त्यावर उन्हाळ्यात खाजऱ्या पाल्याचं रान आणि खाली पाणी. आईला घेऊन मी एप्रिलपासून तशीच चालत होते, आणि तेव्हापासून कानटोपीचा एक कान वर दुमडून ठेवायचं तिने स्वतःहूनच सुरू केलं होतं.