नवी एआर-१५, सात-आठ महिन्यांनंतर: नेम एक नंबर, पण गोळी चेंबरमध्ये बसेना

आधी निकाल सांगते, मग बाकीचं रामायण. सोळा इंची बॅरल, मिड-लेंग्थ गॅस (मधल्या लांबीची गॅस ट्यूब), सहाशे डॉलरच्या आसपासची एआर-१५, स्पेक्स इथे सगळ्यांना पाठ आहेत म्हणून ते उगाळत नाही. आज ही रायफल इतकी छान चालतेय की मी ती विकणार नाही. पण सुरुवातीचे तीन-चार महिने तिने जो छळ मांडला आणि सर्व्हिसवाल्यांनी जी उत्तरं दिली, ते न लिहिता नुसते स्टार देणं मला पटत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असा पीस कुठल्याही कंपनीचा निघू शकतो आणि तपासायची पद्धत सगळ्यांची एकच.

प्रॉब्लेम असा. मॅगझिन लावलं, चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) पूर्ण मागे ओढून मोकळं सोडलं (हाताने धरून हळूहळू पुढे न्यायचं नसतं, स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं), बोल्ट (गोळी चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या पोकळीत, ढकलून मागून बंद करणारा भाग) धाडकन पुढे जातो आणि शेवटच्या टप्प्यात थांबतो. इजेक्शन पोर्टमधून, म्हणजे पुंगळी बाहेर पडते त्या बाजूच्या खिडकीतून, बघितलं की बोल्ट कॅरियर करंगळीच्या नखाएवढा मागे राहिलेला दिसतो. म्हणजे बोल्टचे दात बॅरलच्या मागच्या खाचांमध्ये शिरलेत पण फिरून लॉक झालेले नाहीत. ट्रिगर ओढायचा प्रश्नच नाही, आणि कोणी ओढूही नये. प्रत्येक गोळीला होत नव्हतं हे, तोच खरा वैताग. एका बॉक्समधल्या सगळ्या गोळ्या लोण्यासारख्या आत, दुसऱ्या बॉक्समधली तिसरी-चौथी अडकलीच. त्यामुळे ज्याला विचारावं तो म्हणायचा तुझ्या गोळ्याच खराब.

सर्व्हिसला फोन केला तर पहिलं उत्तर, ब्रेक-इन होऊ द्या, म्हणजे वापरून नवे पार्ट रुळू द्या, पाचशे राउंड मारा, मग फोन करा. पाचशे राउंड! या रायफलची .२२३ ची साधी ५५ ग्रेन वजनाची ब्रासवाली गोळी पन्नास सेंटच्या आसपास पडते, म्हणजे अडीचशे डॉलर मी जाळायचे, वर रेंजची फी वेगळी, आणि ते कशासाठी तर जी वस्तू नवी कोरी विकत घेतलीय ती चालते की नाही बघण्यासाठी. ब्रेक-इनने बोल्ट-कॅरियर थोडा सुळसुळीत होतो, स्प्रिंग सेट होते, हे मान्य. पण जी गोळी आत बसतच नाही ती पाचशे वेळा न बसल्याने बसायला लागेल हे कुठलं लॉजिक?

दुसऱ्या फोनला सांगितलं, फॉरवर्ड असिस्टवर, म्हणजे बोल्ट हाताने पुढे ढकलायच्या बाजूच्या बटणावर, दोन थापा मारा. आता या बटणाबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्या मते अर्ध्या लोकांचं नुकसान ह्या एका सल्ल्याने होतं. रेंजवर, त्यांनी सांगितलं तसंच, अडकलेल्या राउंडवर तळहाताने दोनदा दाबलं. बोल्ट आणखी एखादा मिलीमीटर पुढे सरकला आणि तिथे असा रुतला की ना पुढे ना मागे. चार्जिंग हँडल दोन्ही हातांनी ओढलं तरी हलेना, आणि आत जिवंत काडतूस. रेंज ऑफिसरला बोलावलं. त्याने आधी मॅगझिन काढलं, आजूबाजूची फायरिंग थांबवली, स्टॉक पूर्ण आत ढकलला, नळी रेंजच्या दिशेने ठेवून हँडल खाली खेचत स्टॉकचं मागचं टोक जमिनीवर आपटलं, तेव्हा कुठे ती गोळी बाहेर उडाली. हे घरी कोणीही करू नका, रेंजवरच आणि माहितगार माणसाच्या हातून. बाहेर आलेली गोळी मी उचलून बघितली, पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे जिथे ती निमुळती व्हायला लागते तिथे, चारी बाजूंनी गोल चकचकीत घासल्याची रेघ होती. शिसं, म्हणजे पुढचं उडणारं टोक, मात्र जागच्या जागी, त्याच्यावर ओरखडा नाही. ही रेघ लक्षात ठेवा, सगळं उत्तर तिच्यातच होतं.

तर फॉरवर्ड असिस्ट. एआर-१५ चा डिझायनर यूजीन स्टोनर, त्याच्या मूळ डिझाइनमध्ये हे बटण नव्हतंच. अमेरिकन एअर फोर्सने साठच्या दशकात एम-१६ (याच रायफलचा लष्करी अवतार) घेतली ती या बटणाशिवाय, त्यांना गरज वाटली नाही. आर्मीने हट्ट धरला, म्हणून त्यांच्या एक्सएम१६ई१ या मॉडेलवर ते आलं आणि पुढे एम१६ए१ वर कायम झालं. स्टोनरचा स्वतःचा त्याला विरोध होता, आणि कारण अगदी सरळ आहे, जी गोळी स्प्रिंगच्या जोराने आत जात नाही तिला जाता येत नाहीये असं काहीतरी कारण आहे, तिला ठोकून आत घातलीत तर तुम्ही एक छोटी अडचण मोठी करताय. गुपचूप बोल्ट बंद करायचा असेल, धूळ असेल, तेव्हा ठीक. नव्या रायफलमध्ये, स्वच्छ चेंबरमध्ये, ओळखीच्या गोळीवर ते बटण दाबायची वेळ यावी हेच मुळात लक्षण आहे की बंदूक तपासायला पाहिजे. सर्व्हिस डेस्कवर बसलेल्या माणसाने तो सल्ला पहिल्या पाच मिनिटांत द्यावा याचा मला आजही राग येतो.

पुढचे काही आठवडे एकेक गोष्ट काढून टाकण्यात गेले. मॅगझिन बदलून बघितली, डब्यात आलेलं, मग प्लॅस्टिकचं पीमॅग, मग मैत्रिणीचं जुनं ॲल्युमिनियमचं. तीसच्या मॅगझिनमध्ये तीस ऐवजी अठ्ठावीस भरून बघितल्या, कारण गच्च भरलेलं मॅगझिन बंद बोल्टखाली लावलं की वरची गोळी घट्ट दाबली जाते. काही फरक नाही. बोल्ट पुसून भरपूर तेल घातलं, या रायफली कोरड्या चालत नाहीत. फरक नाही. फीड रॅम्प (गोळी चेंबरमध्ये चढते ती उतरण) टॉर्च मारून बघितले, अप्पर (रायफलचा वरचा अर्धा भाग) आणि बॅरलच्या खाचा एका रेषेत, कुठे धार नाही. तसंही गोळी रॅम्प ओलांडून आत शिरतच होती, अडत होती शेवटी.

इथे अण्णांचा फोन कामी आला. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झाले, गाव सातारा जिल्ह्यातलं, आणि त्यांचं अर्धं आयुष्य एसएलआर खांद्यावर घेऊन गेलं, ती इशापूरची ७.६२ ची १ए१. त्या रायफलला पुढे गॅस रेग्युलेटर असायचा, कमी-जास्त करता यायचा, त्यामुळे मला वाटलं ते आता गॅसवरच जातील कारण इकडे सगळे तेच सांगत होते, गॅस कमी पडतोय, बफर (स्टॉकमधलं बोल्टच्या मागचं वजन) जड आहे, बफर स्प्रिंग बदल. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, पहिली गोळी हाताने भरतेस तेव्हाच अडते, का फायर झाल्यावर पुढची अडते?" म्हटलं पहिलीच अडते अण्णा, हाताने भरतानाच. "मग गॅसचा काय संबंध? गॅस फायर झाल्यावर येतो. तुझी गोळी जागेवर बसत नाही, जागा बघ."

एवढ्यावर बफरचा तीसेक डॉलरचा खर्च वाचला. आणि हे मी सगळ्यांना सांगेन, पार्ट मागवायच्या आधी हा एक प्रश्न स्वतःला विचारा. हाताने भरलेली गोळीही बसत नसेल तर गॅस ट्यूब, गॅस की, बफर या भानगडीत पडू नका. मॅगझिन, गोळी आणि चेंबर, बास. आणि उलट, पहिली व्यवस्थित बसतेय पण फायर झाल्यावर बोल्ट पुरेसा मागे जात नाही, पुढची गोळी उचलतच नाही, तर मग गॅसकडे वळा, कॅरियरवरच्या गॅस कीचे स्क्रू ढिले आहेत का बघा.

गोळीचा मुद्दा तरी उरलाच होता. एक ओळखीचे काका घरी गोळ्या भरतात, त्यांनी मला अडणाऱ्या ब्रँडच्याच पुंगळ्यांच्या डमी बनवून दिल्या, बारूद नाही, प्रायमर नाही. प्लॅस्टिकच्या स्नॅप कॅपने (सरावाच्या खोट्या गोळ्या) ही टेस्ट करू नका, त्या बऱ्याचदा किंचित लहान असतात आणि आरामात आत जातात, आणि मग कंपनी म्हणते बघा जाते की (म्हणालीच). डमीचा खांदा आणि शिसं दोन्ही काळ्या मार्करने रंगवलं, चेंबरमध्ये सोडली, बोल्ट पुढे जाऊ दिला. बाहेर काढली तर शिशावरची शाई जशीच्या तशी आणि खांद्यावर पिवळं ब्रास उघडं पडलेलं, तीच गोल रेघ. म्हणजे नळीचे आटे (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा) शिशाला लागत नव्हते, खांदाच आधी टेकत होता.

मग गनस्मिथ. .२२३ सारखी बिनकाठाची गोळी चेंबरमध्ये खांद्यावर टेकून थांबते, आणि बोल्टच्या तोंडापासून त्या टेकायच्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. ते कमीत कमी १.४६३६ इंच असायला लागतं, आणि त्या मापाचा स्टीलचा तुकडा म्हणजे गो गेज. नावच सांगतं, यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. त्याने बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर काढला, गेज चेंबरमध्ये टाकलं, बोटाने बोल्ट ढकलला. बंद झाला नाही. मैत्रिणीच्या रायफलचा बोल्ट मी बरोबर नेला होता, तो घालून बघितला, तोही नाही. म्हणजे बोल्ट निर्दोष, चेंबर आखूड कापलेला. इंचाच्या काही हजाराव्या भागाचा खेळ, आणि म्हणूनच काही गोळ्या जात होत्या, ज्या लॉटची पुंगळी मापाच्या खालच्या टोकाला ती बसायची, वरच्या टोकाची अडायची. गोळ्यांचा काहीही दोष नव्हता.

पाच मिनिटांचं काम. डब्यात टेस्ट फायर केल्याचं कार्ड होतं, खाली कोणाची तरी सही, पण चाळीस डॉलरचं गेज कोणी त्यात घातलं नव्हतं हे उघड आहे. मला हेच जास्त लागलं. बॅरलमध्ये चूक होऊ शकते, क्रोम केलेल्या चेंबरमध्ये तर क्रोमचा थर जाड बसला तरी जागा कमी होते. आणि क्रोम उगाच नसतो. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम-१६ च्या चेंबरला क्रोम नव्हता, वर बारूद बदललेली आणि सफाईचं सामान अपुरं, पुंगळ्या आत चिकटून पोरं अडचणीत आली, १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या कमिटीने त्याची चौकशी केली आणि मग क्रोमचा चेंबर आला. पण थर द्यायचा तर शेवटी मोजायचाही ना.

गनस्मिथ रीमर फिरवून देऊ शकत होता का? साध्या स्टीलला हो, पण माझ्या बॅरलला क्रोम होता, त्यावर रीमर चालवणं म्हणजे रीमर खराब आणि वॉरंटीही गेली. म्हणून गेजवर न बंद झालेल्या बोल्टचा फोटो आणि त्याची लेखी चिठ्ठी कंपनीला पाठवली. यानंतर मात्र सूर बदलला, हे प्रामाणिकपणे लिहिते. वाद नाही, ब्रेक-इन नाही, प्रीपेड लेबल आलं.

इथे एक उपयोगी गोष्ट. पूर्ण रायफल पाठवू नका, फक्त अप्पर पाठवा. एआरमध्ये सिरीयल नंबर लोअरवर असतो आणि फेडरल कायद्याने बंदूक म्हणजे तो लोअर, अप्पर नुसता पार्ट, त्यामुळे बंदूक पाठवायची कटकट नाही. बोल्ट मात्र अप्परबरोबर पाठवा, नवी बॅरल त्याच बोल्टवर मोजून यायला हवी. (नवीन आलेली मराठी मंडळी मला नेहमी विचारतात म्हणून, एच-१बी वर साधारणपणे बंदूक विकत घेता येत नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे ठराविक अपवाद सोडून. ग्रीन कार्डवर घेता येते, खरेदीचा फेडरल ४४७३ फॉर्म भरून. आपल्या स्टेटचे नियम आधी वाचा.)

अपडेट: महिन्याभराहून जास्त थांबायला लावलं, पण नवी बॅरल आली. आल्या आल्या स्वतः गेज घालून बघितलं, आता माझ्याकडे माझं आहे. बोल्ट बोटाच्या हलक्या दाबाने बंद. नो-गो, म्हणजे किंचित लांब गेज, त्यावर बंद होत नाही, जसं पाहिजे तसंच. मग रेंजवर मुद्दाम तेच जुने अडणारे बॉक्स नेले, ५५ ग्रेन, ६२ ग्रेन हिरव्या टोकाच्या, डब्यातलंच मॅगझिन, एकही अडली नाही. त्यानंतर उन्हाळाभर वापरतेय, शंभर यार्डावर ग्रुप जुन्या बॅरलपेक्षा लहान येतात. म्हणून दोन स्टारचे चार केले.

पाचवा देणार नाही. फुकट गेलेल्या गोळ्यांचे आणि गनस्मिथचे पैसे मागितले होते, त्यांनी एक मॅगझिन आणि टोपी पाठवली. गनस्मिथची पावती परत पाठवलीय, ते पैसे तरी मिळालेच पाहिजेत कारण त्यांच्या इन्स्पेक्शनचं काम त्या माणसाने केलं. उत्तर आलं की इथेच लिहीन. ट्रिगर अजून खरखरीत आहे, पण त्यासाठी आणखी शंभर डॉलर सध्या घालणार नाही.